प्रकल्पाला काय घेऊ: यांगत्सेचा भात की तापीकाठचं प्रकाशे?

धुळ्याला एमए करणाऱ्या भाचीला पर्यावरण बदल आणि आरंभीची शेती यावर प्रकल्प करायचाय. विषय यापैकी कोणता, यावर गाडी अडलीय.

पुराव्यात चीनमधल्या यांगत्से नदीचा त्रिभुज प्रदेश सरळ पुढे. तिथल्या तिएनलुओशान या उत्खननाच्या जागी ओल्या चिखलात भाताच्या दाण्याचं बूडसुद्धा टिकलंय. आपोआप गळलेल्या रानटी दाण्याचं बूड गुळगुळीत, न गळणाऱ्या, झोडपून काढाव्या लागणाऱ्या लागवडीच्या दाण्याचं फाटकं. सुमारे 6900 ते 6600 वर्षांपूर्वीच्या थरांत न गळणाऱ्या भाताचं प्रमाण 27 वरून 39 टक्क्यांवर गेलं. तीनशे वर्षांत एवढंच! रानटी भाताचं माणसाळणं सावकाशच झालं.

पर्यावरणाचा धागाही तिथे स्पष्ट आहे. समुद्र चढायचा वेग मंदावला, गोड्या पाण्याची दलदल तयार झाली, तिथे भात आला. त्याच भागातल्या क्वाहूछ्याओ या त्याहून जुन्या वस्तीच्या लोकांनी तर दलदलीतलं रान जाळून भाताला जागा केली. पुढे सुमारे 7500 वर्षांपूर्वी समुद्र आत शिरला आणि वस्ती संपली.

प्रकाशे तापी-गोमाईच्या संगमावर. 1955 मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खोदलं, ताम्रपाषाण काळापासूनचे (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचा काळ) थर मिळाले. इथे समुद्राचा संबंध नाही. प्रश्न पावसाचा आणि पुराचा. भाताचा तर नाहीच, आपण कळण्याची भाकरी खाणारी माणसं (भात पिकवणाऱ्या नवापूरकरांनी रागावू नये).

मेहनत? प्रकाशाला एसटीने जाता येतं, यांगत्सेचं सगळं इंग्रजी वाचन.

आकडे, कारण-परिणाम हवेत आणि वाचायची तयारी असेल तर यांगत्से घे. पायी फिरून नदी, माती बघायची असेल तर प्रकाशे. दोन्ही एकत्र मात्र नको, वीस पानांत मावणार नाही.