मोहोळ फुटण्याआधी : जागा वाढवावी, राणीघरे मोडावीत की विभाजन करावे?

महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात जांभूळ फुलण्याआधीचे काही आठवडे सातेरी (पेटीत पाळली जाणारी देशी जात) मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी निर्णयाचे असतात. पराग मुबलक येऊ लागला की राणी जोमाने अंडी घालते, पिलावा कोठीत (पेटीच्या ज्या भागात अंडी-अळ्या म्हणजे पिलावा असतो तिथे) दाटी होते आणि वसाहत फुटण्याच्या तयारीला लागते. जुनी राणी निम्म्याच्या आसपास माश्या घेऊन निघून गेली, की ऐन मधाच्या हंगामात पेटी दुबळी पडते. हे टाळण्याचे तीन मार्ग प्रचलित असले, तरी ते एकमेकांना पर्याय नाहीत. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे.

जागा वाढवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असून त्यात मधाचे नुकसान होत नाही. पिलावा कोठीतील सर्व चौकटी माश्यांनी झाकल्या गेल्या की मधकोठी (मध साठवण्याची वरची कोठी) चढवावी आणि बांधलेले रिकामे पोळे पिलाव्याच्या कडेला द्यावे. डोंगरातल्या फेब्रुवारीच्या पहाटे गार असतात, म्हणून ते पिलाव्याच्या मधोमध घालू नये. राणी मधकोठीत जाऊ नये म्हणून जाळी लावायची असल्यास ती सातेरीचीच घ्यावी. सातेरीची राणी लहान असल्याने मेलिफेराच्या (मोठ्या युरोपीय मधमाशीच्या) जाळीवर विसंबता येत नाही. मात्र राणीघरांत (नवी राणी वाढवण्यासाठी बांधलेल्या घरांत) अंडी पडण्याआधी जागा दिली तरच उपयोग होतो. शिवाय राणी जुनी असेल तर तिच्या गंधाचा प्रभाव कमी झालेला असतो आणि मोकळी जागा असूनही वसाहत फुटू शकते.

राणीघरे मोडणे सोपे वाटते, म्हणूनच ते सर्वाधिक केले जाते; माझ्या मते हा उपाय नसून केवळ मुदतवाढ आहे. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या शेंगेसारखी लोंबणारी राणीघरे अंडे पडल्यापासून साधारण आठव्या दिवशी बंद होतात आणि थवा बहुधा त्याच सुमारास निघतो, त्यामुळे दर आठवड्याला प्रत्येक चौकटीवरच्या माश्या झटकून कोपरा न् कोपरा पाहावा लागतो. एक घर नजरेतून सुटले की सगळी मेहनत वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे, थवा आधीच निघून गेलेला असताना उरलेली सर्व घरे मोडली, तर पेटी राणीविना राहते आणि सातेरीत कामकरी माश्या फार लवकर अंडी घालू लागतात. त्या अंड्यांतून केवळ नर निपजतात. (राणीघरांच्या नुसत्या रिकाम्या वाट्या दिसल्या म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आत अंडे किंवा राजान्नात (राणीच्या अळीला भरवल्या जाणाऱ्या पांढऱ्या खाद्यात) तरंगणारी अळी आहे का, एवढेच पाहावे.)

राणीघरांत अळ्या दिसल्यानंतर विभाजन हाच खात्रीचा मार्ग उरतो. जुनी राणी, बंद पिलाव्याच्या (मेणाने झाकलेल्या घरांतील पिलाव्याच्या) दोन चौकटी आणि मधाची एक चौकट माश्यांसह नव्या पेटीत घालून ती पेटी बाजूला हलवावी. बाहेर चरणाऱ्या माश्या सवयीने जुन्या जागीच परततात, म्हणून नव्या पेटीत पिलाव्यावरच्या तरुण माश्या थोड्या जास्त झटकाव्यात. जुन्या पेटीत एकच चांगले राणीघर ठेवावे, कारण अधिक ठेवल्यास कुमारी राणीबरोबर दुसरा थवा जाऊ शकतो. आणि ते ज्या चौकटीवर आहे ती चौकट मात्र झटकू नये, आतल्या राणीला इजा होते. घर बंद झाल्यावर राणी आठवडाभराने बाहेर पडते, आणखी एक-दोन आठवड्यांत तिचे मीलन होऊन ती अंडी घालू लागते. मधल्या काळात पोसायला उघडा पिलावा नसल्याने जुन्या पेटीत मध साठतो, पण पुढची पिढी उशिरा येते. नर उडत नसतील तर हे सारे व्यर्थ आहे, म्हणून नरांचा बंद पिलावा दिसेपर्यंत विभाजनाची घाई करू नये.

ज्यांना पेट्या वाढवायच्या आहेत त्यांनी विभाजनच निवडावे. ज्यांना याच हंगामात मध हवा आहे त्यांनी जागा लवकर द्यावी आणि पावसाळ्यानंतर जुनी राणी बदलून घ्यावी. ज्यांना आठवड्यातून एकदाही पेटी उघडणे जमत नाही, त्यांनी राणीघरे मोडण्याच्या वाटेला जाऊच नये.