ग्रेडिओमीटर: सात महिने आणि एक पिवळा स्क्रू

सर्व्हिसिंगहून परत आलं आणि पहिल्याच दिवशी डोक्याला ताप झाला म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर सात महिन्यांत या मशीनला नावं ठेवायची वेळ आली नव्हती. म्हणजे एकदा आली होती, ते सांगतोच.

ग्रेडिओमीटर म्हणजे जमिनीचं चुंबकीय फील्ड दोन जागी मोजून त्यातला फरक सांगणारं मशीन. माझं प्रोटॉनवालं (सेन्सर म्हणजे रॉकेलची बाटली, त्यातल्या प्रोटॉनांच्या सिग्नलवरून फील्ड कळतं), सेकंडहँड, दांड्यावर एक मीटर अंतराने दोन सेन्सर. आपलं काम बोअरच्या जागा बघायचं, धुळे-नंदुरबार पट्टा, इथे पूर्व-पश्चिम डाइक, म्हणजे जमिनीत उभ्या घुसलेल्या काळ्या दगडाच्या भिंती, भरपूर. आधी साध्या मॅग्नेटोमीटरला दिवसभर फील्डच वरखाली होतं म्हणून तासातासाला बेसवर, म्हणजे ठरलेल्या एका जागी, परत मोजायला पळायचो. यात तो बदल दोन्ही सेन्सरना सारखाच बसतो, वजाबाकीत उडून जातो. एका गड्याची मजुरी वाचली, मला तेवढं पुरे.

पहिल्या महिन्यात मात्र शिव्या घातल्या. उघड्या काळ्या दगडावर गेलं की 'सिग्नल लो'. वाटलं बाटलीतलं रॉकेल गळालं. मग कळलं, बाटलीच्या या टोकाला आणि त्या टोकाला फील्डच इतकं वेगळं असतं की प्रोटॉनांचा ताल जुळत नाही, सिग्नल लगेच विरतो. खोटा आकडा देण्यापेक्षा नाही म्हणतंय, बरंच की. दांडा जरा उंच धरला, चाललं.

आता तो स्क्रू. खालच्या सेन्सरची केबल तुटली, सर्व्हिसला दिलं, 22 दिवसांनी आलं. तापीकाठी एका शेतात सरळ रेषेत खुंटी-खुंटीवर मोजत गेलो, एकाच खुंटीवर जाताना 6, येताना 31 नॅनोटेस्ला पर मीटर (दोन सेन्सरमधल्या फील्डचा फरक)! जागेवर चारी दिशांना फिरून बघितलं, 6, 19, 31, 17. किल्ल्या, मोबाइल, बेल्ट सगळं बांधावर ठेवलं, शेतकऱ्याचा विळासुद्धा लांब नेऊन ठेवायला लावला, तो बिचारा माझ्याकडे पाणाड्याकडे बघावं तसं बघत होता. फरक शून्य.

रात्री फ्रीजवरचा मॅग्नेट दोऱ्याला बांधून दांड्यावरून फिरवला. सेन्सर धरणाऱ्या क्लॅम्पचे तीन स्क्रू पितळी, चौथ्याला टुक्कन चिकटला. लोखंडी, वर पिवळा मुलामा. त्याचं स्वतःचं चुंबकत्व दांड्याबरोबर फिरतं म्हणून दिशा बदलली की आकडा बदलतो. अरे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली होती, 1904 ची गोष्ट, इमारतीला दगडसुद्धा लोह नसलेला पोरबंदरचा, आणि हे पठ्ठे सेन्सरलाच लोखंड पिळतात.

पार्टनर म्हणतो डाइकवर शेकड्यात उडी येते, 25 ने काय होतंय. उघड्या डाइकवर काही होत नाही, मान्य. पण वीस मीटर गाळाखाली गाडलेल्या डाइकची अख्खी उडीच वीस-पंचवीसची असेल तर? आणि गाळात बघायलाच तर हे घेतलं ना, उघडा डाइक डोळ्यांनी दिसतो.

हार्डवेअरवाल्याकडे पितळी स्क्रू 8 रुपयांना मिळाला, आता चारी दिशांना दोनच्या आत. मशीन झकास, परत घेईन. बिलात मात्र 'फिटिंग मटेरियल' 350 अधिक 18 टक्के जीएसटी, ते परत मागितलं तर म्हणे सर ओरिजिनल पार्टच आहे. मॅग्नेट चिकटलेला व्हिडिओ पाठवलाय. निळ्या टिका आल्यात, नऊ दिवस झाले.