घडीची सायकल आणि लोकल : डोंबिवली ते महापे, अकरा महिन्यांनंतर

१ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये झालं, तेव्हा पहिल्यांदा हिशोब मांडला. माझं घर डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून तीन किलोमीटर. कंपनी महापे एमआयडीसीत. डोंबिवलीहून स्लो लोकलने ठाणे, तिथे पूल चढून ट्रान्स-हार्बरचा, म्हणजे नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलचा फलाट, मग कोपरखैरणे, आणि पुढे पुन्हा अडीच-तीन किलोमीटर. गाडीतला वेळ मला कधीच खटकला नाही. जीव जायचा तो दोन्ही टोकांना, रिक्षाच्या रांगेत. जूनमध्ये सायकल घेतली. आता घरातून निघाल्यापासून कंपनीच्या गेटपर्यंतची माझी पस्तीस मिनिटं वाचतात, तीही रोज.

सायकल २० इंची चाकांची, सात गिअरची. घडी घालायला वीस सेकंद पुरतात: सीट खाली, हँडल आडवं, मधली कडी उघडायची, दोन्ही चाकं एकमेकांना लागली की चुंबक ‘टक्’ करून धरतो. दुकानात सगळे हेच बघतात आणि खूश होतात. मीही झाले. पण घेताना खरं बघायला हवं ते वजन. स्टँड आणि मडगार्ड लावल्यावर रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलली, १४ किलो ६०० ग्रॅम भरली. एवढं ओझं रोज ठाण्याच्या पुलावरून न्यायचं. पहिले पंधरा दिवस उजवा खांदा इतका दुखायचा की रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. नंतर युक्ती सापडली. सपाट जागी घडी घातलेली सायकल सीट वर काढून ढकलत न्यायची आणि उचलायची ती फक्त पायऱ्यांवर. लिफ्ट रिकामी दिसली तर लिफ्टने. तुम्ही घेणार असाल तर आधी पंधरा किलोची तांदळाची गोण उचलून दोन जिने चढून बघा, मग ठरवा. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण दोन किलो हलकी मिळाली तर तीच घ्या.

सकाळी पावणेसातच्या आसपासच्या गाडीला मी लगेजच्या डब्यात चढते. लेडीजमध्ये दोनदा प्रयत्न केला. घडी घातली तरी सायकल साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि ६० उंच राहते, सीटखाली जात नाही, आणि दारात ठेवली की चढणाऱ्या बायकांच्या पायात येते. त्यांचं चिडणं बरोबरच होतं. लगेजच्या डब्यात पाट्या, गोण्या, पिंपं असतात, तिथे सायकलचं कुणाला काही वाटत नाही. तरी पहिल्याच आठवड्यात एका भाजीवाल्या मावशींनी हटकलं, “बाळा, चाक भिंतीकडं कर, माझी कोथिंबीर चुरगळतीय.” त्याच दिवशी चेनचं काळं तेल त्यांच्या गोणीला लागलं. मला फार वाईट वाटलं. रविवारी बॅग शिवणाऱ्याकडे जाऊन जाड ताडपत्रीची खोळ करून घेतली, वर नाडी. आता त्या मावशी स्वतःच पाटी सरकवून मला जागा करतात.

संध्याकाळचं सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. साडेचारला सुटून सव्वापाचच्या आत ठाण्याला पोचले तर कल्याणकडच्या गाडीत सायकलसकट चढता येतं. सहानंतर नाही. तेव्हा अंगावरची पर्स सांभाळणं कठीण, सायकल कुठे घेता. उशीर होणार असेल त्या दिवशी मी ती कंपनीतच ठेवते आणि रिक्षाने येते. ज्यांची सुटण्याची वेळ ठरलेली नाही, त्यांनी मुंबईच्या लोकलसाठी ही सायकल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओढणीचं आधीच सांगायला हवं होतं. चेनवर पूर्ण झाकण नाही. तिसऱ्या दिवशी ओढणी दातांत अडकली आणि महाप्याच्या रस्त्यावर मागून ट्रेलर येत असताना मी जागच्या जागी थांबले. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. आता ओढणी बॅगेत आणि सलवारच्या पायाला वेल्क्रोची पट्टी.

दुरुस्तीत सहाव्या महिन्यात हँडलच्या सांध्यातून करकर सुरू झाली. दुकानदार “असं होतंच” म्हणाला, पण नाक्यावरच्या सायकलवाल्याने सांध्याचा नट पाव फेरा आवळून दिला, आवाज गेला. तेव्हापासून दर शनिवारी मीच पाना लावून बघते. पावसात चेन दोन दिवसांत तांबूस होते, घरी आल्यावर फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब सोडावेच लागतात. ब्रेकचे रबर पहिल्याच पावसाळ्यात संपले. ट्यूबची मात्र चिंता नाही. २० इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलचीच, कुठेही मिळते. लहान चाकाला खड्डा फार लागतो, म्हणून हवा कमी ठेवू नका.

जुलैत एके दिवशी रुळांवर पाणी आलं आणि गाड्या बंद झाल्या. कंपनीतले सगळे रिक्षा शोधत उभे. पाऊस थोडा ओसरल्यावर मी महाप्याहून शिळफाट्याची वाट धरली. डोंगराच्या चढणीला अर्धी वाट उतरून चालले, पुढे कल्याण-शीळ रोडला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांच्या कडेकडेने, देसाई, पलावा, मानपाडा. पावणेदोन तासांत घरी. आई गॅलरीत उभी होती. मी खालून घंटी वाजवली, तशी ती टॉवेल घेऊनच जिना उतरली.