बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला कुठली वीज: सड्यावरचा वारा की छतावरचं ऊन?

तासगाव, कवठेमहांकाळ भागात कोल्ड स्टोरेज चालवणाऱ्याला वीजबिल बघून हा प्रश्न पडतोच. ढालगावच्या माळावर, तिकडे साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाट पठारावर) पवनचक्क्या फिरतायत. ती वीज घ्यावी की आपल्याच छतावर सोलर टाकावं? वर्षाला किती युनिट मिळतात यापेक्षा ती कोणत्या महिन्यात मिळतात, हे आधी बघा.

वारा लहरी असतो हे सगळेच म्हणतात, पण ती लहर दोन प्रकारची असते. पहिली तासा-दोन तासांची. वाऱ्याचा वेग सेकंदाला 5 मीटरवरून 10 झाला, की त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते. त्यामुळे एकट्या पवनचक्कीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. शेकडो चक्क्या वेगवेगळ्या डोंगरांवर असल्या की मात्र एकीकडे पडलेला वारा दुसरीकडे भरून निघतो. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वीजवाहिनी जोडली गेली आणि देशभराची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, एक झाली. तेव्हापासून हा चढउतार पसरायला आणखी जागा मिळाली. उरलेली तूट भरायला कोयनेसारखी 1,960 मेगावॉटची जलविद्युत आहे; तिथली जनित्रं काही मिनिटांत कमी-जास्त करता येतात. म्हणून या लहरीची काळजी तुम्ही करू नका.

दुसरी लहर ऋतूची, आणि ती ग्रिड कितीही मोठी केली तरी जात नाही. सातारा असो, तमिळनाडू असो की कच्छ, मोठा वारा येतो तो एकाच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यातून. जून ते सप्टेंबर पाती थांबत नाहीत. दिवाळीनंतर तेच डोंगर शांत.

आता तुमचा भार बघा. फेब्रुवारीपासून शेडवरचा बेदाणा यायला लागतो, मार्च-एप्रिल-मेमध्ये खोल्या भरतात. माल बाहेरून उष्णता घेऊन आलेला, वर उन्हाळा. कॉम्प्रेसर सगळ्यात जास्त तेव्हाच पळतो, आणि निम्म्याहून जास्त हंगाम वारा मंद असतो. सोलर मात्र त्याच महिन्यांत भरभरून देतं. रात्री ते शून्य, हे खरं. पण इन्सुलेशन चांगलं असेल तर दुपारी खोली थोडी जास्त थंड करून ठेवता येते. ही सोय पिठाच्या गिरणीला नाही, तुम्हाला आहे.

पावसाळ्यात चित्र उलटतं. ढगांनी सोलर उतरतं, वारा रात्रीही चालतो.

पवनऊर्जा ओपन ॲक्सेसने, म्हणजे वीज कंपनीच्या तारांवरून थेट उत्पादकाकडून घ्यायची, तर 2022 च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या भाराची किमान मर्यादा 100 किलोवॉटपर्यंत खाली आणली आहे. पण वहन आकार (तारा वापरण्याचं भाडं), अधिभार धरूनच दर काढा. बँकिंगही, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरणं, महिन्याच्या हिशेबात चालतं. जुलैची जास्तीची वीज एप्रिलमध्ये वापरू असं मनात धरलं असेल तर ते सोडा.

माझ्या मते, आधी छत भरा, दिवसाच्या भाराएवढं. माल वर्षभर ठेवत असाल आणि पावसाळ्यातही भार मोठा राहत असेल, तरच वाऱ्याचा छोटा वाटा घ्या. करार करण्याआधी त्याच ठिकाणचे गेल्या 5 वर्षांचे महिनावार युनिट लेखी मागा आणि तुमच्या 12 बिलांशेजारी ठेवून जुळवा.