नव्या कॉलेजच्या प्रवेशांसाठी गूगल फॉर्म आणि डिजिलॉकर: कुठवर पुरतात, कुठे अडतात

पहिल्या वर्षी ६० किंवा १२० जागा, ऑफिसात दोन कारकून आणि मदतीला संगणक शिकवणारा एखादा प्राध्यापक. गोव्यात पेडणे, सत्तरी किंवा काणकोणसारख्या तालुक्यात नवं कॉलेज उभं राहतं ते साधारण एवढ्याच बळावर. टेबलावर सॉफ्टवेअर कंपन्यांची कोटेशनं पडलेली असतात, पण पहिल्या वर्षी एवढा खर्च कशाला, म्हणून गाडी गूगल फॉर्म, त्याला जोडलेली शीट आणि कागदपत्रांसाठी डिजिलॉकर यांच्यावर येऊन थांबते. हे परीक्षण याच जुळणीचं. (प्रवेश उच्च शिक्षण संचालनालयाच्या सामायिक पोर्टलवरून करायचे असतील, तर हा प्रश्नच उरत नाही.) आमचं मत असं: अर्ज गोळा करायला हे साधन उत्तम, गुणवत्ता यादीला चालण्यासारखं, पण प्रतीक्षा यादी आणि फी यांना अपुरं.

सुरुवात खात्यापासून करा. प्राचार्यांच्या किंवा कारकुनाच्या खासगी जीमेलवर फॉर्म कधीही बनवू नका. तो माणूस बदलला की अर्जही त्याच्याबरोबर गेले. खासगी खात्यात साठवण १५ जीबी, आणि दिवसाला साधारण ५०० जणांनाच मेल जाते. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना गूगल वर्कस्पेसची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते. ती मंजूर होऊन यायला वेळ लागतो, म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज करून ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कागदपत्रं जोडण्याच्या प्रश्नावर. फॉर्ममध्ये फाइल मागितली की अर्जदाराला गूगल खात्यात साइन-इन करावंच लागतं. आता साखळी किंवा वाळपईच्या बाजारातल्या सायबर कॅफेचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कॅफेवाला स्वतःच्याच खात्यातून एकामागून एक मुलांचे अर्ज भरतो. तुम्ही ‘एकाला एकच अर्ज’ ही अट चालू ठेवली असेल, तर दुसऱ्या मुलालाच फॉर्म उघडत नाही. अट बंद ठेवली, तर पोच कॅफेवाल्याच्या मेलवर जाते आणि पोरगं घरी वाट बघत बसतं. घरात वडिलांच्या एकाच फोनवरून दोन भावंडं अर्ज भरतात तेव्हाही हेच. उपाय असा: अट बंद ठेवा, अर्जदाराचा ईमेल आणि मोबाइल वेगळ्या रकान्यांत मागा, मोबाइलला दहा आकड्यांचं बंधन घाला आणि पोच त्याच पत्त्यावर पाठवा. साइन-इनचा एक फायदा मात्र आहे. अर्धवट भरलेला फॉर्म त्या खात्यात ३० दिवस जपून राहतो. पावसात वीज गेली किंवा नेत्रावळीकडे रेंज गेली, तरी सगळं पुन्हा भरावं लागत नाही.

दुसरी खोच साठवणीच्या जागेची. फायली घेणाऱ्या फॉर्मची एकूण मर्यादा सुरुवातीला १ जीबी असते. ३०० अर्ज, प्रत्येकी सहा कागद, फोनवर काढलेला फोटो साधारण ३ एमबीचा: हिशेब ५.४ जीबीवर जातो. मर्यादा भरली की फॉर्म अर्ज घेणंच बंद करतो, आणि हे नेमकं शेवटच्या दिवशी घडतं. सेटिंगमध्ये एकूण मर्यादा १० जीबी करा, दर फाइलला १ एमबी ठेवा आणि फोटो लहान कसा करायचा ते माहितीपत्रकात चित्रासह दाखवा. त्याहून बरं म्हणजे अर्जासोबत फक्त गुणपत्रिका आणि प्रवर्गाचा दाखला मागायचा. बाकीचे कागद यादीत नाव लागलेल्यांकडूनच घ्यावेत. नाव न लागणाऱ्या मुलाचं आधार कार्ड साठवून कॉलेजचं काहीच भलं होत नाही. अर्जदारांत १८ वर्षांखालची मुलं बरीच असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्यांच्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हेही लक्षात असू द्या.

टक्केवारी विद्यार्थ्याला लिहायला लावू नये. गोवा बोर्ड, सीबीएसई, शेजारच्या दोडामार्ग-सावंतवाडीतून येणारी महाराष्ट्र बोर्डाची मुलं, प्रत्येकाचा हिशेब निराळा. कुणी ५०० पैकी काढतो, कुणी ६०० पैकी, कुणी ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून. मिळालेले गुण आणि एकूण गुण असे दोन रकाने ठेवा, टक्के शीटला काढू द्या. मेजर-मायनरचे (मुख्य आणि दुय्यम विषयांचे) पसंतीक्रम ग्रिड, म्हणजे तक्त्याच्या, प्रश्नात घ्यायचे असतील, तर ‘एका स्तंभात एकच उत्तर’ हे बंधन चालू करा, नाहीतर पहिली पसंती तीन विषयांना दिलेले अर्ज येतात. एखाद्या मायनरच्या जागा भरल्या की तो पर्याय फॉर्म आपणहून मिटवत नाही. तसं काम लागत असेल तर बाहेरचं ॲड-ऑन (फॉर्मला जोडायचा छोटा प्रोग्राम) जोडावं लागतं.

उत्तरांच्या मूळ शीटला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून लावा. कुणी एक स्तंभ निवडून त्याचाच क्रम लावला, तर नावं एकीकडे आणि गुण दुसरीकडे होतात, आणि पाहताना सगळं ठीकच दिसतं. वेगळ्या टॅबमध्ये शीटच्या क्वेरी (QUERY) सूत्राने माहिती ओढा आणि यादी तिथे बनवा. ‘अर्ज पाठवल्यावर दुरुस्ती’ची सोय बंद ठेवा, चूक असेल तर विद्यार्थ्याने लेखी कळवावं.

डिजिलॉकरवर आम्ही खूश आहोत. त्यात जारी झालेली गुणपत्रिका २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या तोडीची धरली जाते, त्यामुळे झेरॉक्सवर सही-शिक्का घेत फिरण्याची गरज राहत नाही. अडचण गोव्याच्या नावांची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘Naique’, शाळेच्या दाखल्यावर ‘Naik’, आधारवर आणखी तिसरंच. नाव जुळलं नाही की गुणपत्रिका ओढून येत नाही. फॉर्ममध्ये ‘बारावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच नाव’ असा स्पष्ट रकाना ठेवा आणि न जुळणाऱ्यांसाठी मूळ कागद पाहण्याची एक खिडकी उघडी ठेवा.

आता जिथे हे साधन खरंच कमी पडतं तिथे येऊ. राज्याच्या धोरणात ओबीसींना २७, अनुसूचित जमातींना १२ आणि अनुसूचित जातींना २ टक्के जागा आहेत. ६० जागांवर हे १६.२, ७.२ आणि १.२ होतात. अपूर्णांकाचं काय करायचं आणि समान गुण पडले तर आधी कोण, हे दोन्ही अर्ज उघडण्यापूर्वी माहितीपत्रकात छापलेलं हवं. (अल्पसंख्याक संस्थांचे नियम वेगळे.) ओबीसी उमेदवार खुल्या गुणवत्तेत बसला तर तो खुल्या जागेवर धरायचा. म्हणून शीटमध्ये ‘उमेदवाराचा प्रवर्ग’ आणि ‘कोणत्या जागेवर प्रवेश’ हे दोन स्वतंत्र स्तंभ लागतात. पुढे अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंगच्या फेऱ्या लागतात आणि मुलं जागा सोडू लागतात. तेव्हा एकच स्तंभ असेल, तर तो ओबीसी मुलगा सोडून गेल्यावर ओबीसीची जागा रिकामी झाली असं वाटतं, आणि खुल्या यादीत पुढे असलेल्यावर अन्याय होतो. हे फॉर्म सांगत नाही, शीटही सांगत नाही. तिथे माणूसच बसवावा लागतो.

फीचंही तसंच. यूपीआयच्या स्क्रीनशॉटवर प्रवेश पक्का करू नये. १२ आकडी व्यवहार क्रमांक मागून तो रोज बँकेच्या विवरणाशी ताडून पाहावा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या परिपत्रकात, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी जागा सोडली तर पूर्ण फी परत मिळते, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये, कापता येतात. त्यानंतर ९०, मग ८०, मग ५० टक्के, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटल्यावर काहीच नाही. नंतरच्या काही वर्षांसाठी यूजीसीने याहून सैल मुदतीही दिल्या, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक पाहूनच तारखा छापाव्यात. मूळ दाखले अडकवून ठेवायला त्याच परिपत्रकाने मनाई केली आहे.

पहिल्या वर्षी एक-दोन अभ्यासक्रम असतील तर ही जुळणी बिनधास्त वापरा. तीन-चार अभ्यासक्रम झाले आणि एकच मुलगा दोन-तीन यादींत दिसू लागला, की सॉफ्टवेअर घ्या. घेताना कंपनीला एकच गोष्ट करून दाखवायला सांगा: खुल्या जागेवरचा एक ओबीसी उमेदवार रद्द करा आणि पुढचं नाव कुठून येतं ते बघा.