डेटा मुंबईला गेलाच नव्हता

2024 च्या मार्चमधली गोष्ट. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, द्राक्षबागायतदारांचे आणि छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. मार्च एंडला लॅपटॉप बसला की काय होतं, हे ज्यांचं पोट टॅलीवर, या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांना सांगायला नको.

विंडोजचा अपडेट चालू असताना लाइट गेली. बॅटरी आधीच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप मध्येच बंद. परत चालू केला तर निळा पडदा, ‘पीसी नीट सुरू झाला नाही’. रिस्टार्ट करा, पुन्हा तोच.

खरं तर इलाज घरातच होता. 2021 मध्ये लॅपटॉप घेतला तेव्हा भाच्याने 32 जीबीचा रिकव्हरी पेनड्राइव्ह, म्हणजे विंडोज बिघडलं तर दुरुस्त करायचा, करून दिला होता, सिस्टिम फाइल्सच्या बॅकअपच्या चौकोनात टिक करून. मी तो कपाटात ठेवला आणि वापरायचा कसा हे कधी विचारलंच नाही. भाचा पुण्याला, त्याची परीक्षा. मग मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्ही घेऊन एम. जी. रोडच्या एका गाळ्यात गेलो.

दुकानदाराने पेनड्राइव्ह हातात घेतला आणि म्हणाला, “काका, हा लावला तर सगळा डेटा उडेल बघा.”

इथेच मी फसलो, कारण हे अर्धं खरं होतं. त्या पेनड्राइव्हमधून ‘ड्राइव्हवरून रिकव्हर करा’ निवडलं, तर विंडोज नव्याने बसतं आणि आपल्या फाइल्स जातात. त्यात आपल्या फाइल्सचा बॅकअप मुळात नसतोच. पण त्याच पेनड्राइव्हने चालू करून ‘स्टार्टअप रिपेअर’ करता येतं, किंवा कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीतून, एसएफसी ही विंडोजचीच आज्ञा चालवून बिघडलेल्या सिस्टिम फाइल्स दुरुस्त करून बघता येतात. त्यात टॅलीच्या फोल्डरला धक्काही लागत नाही. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन: “हार्ड डिस्क वाचतच नाही. मुंबईला लॅबला पाठवावी लागेल. डेटाचे 5,500, ओरिजिनल विंडोजचे 1,800.” मी हो म्हणालो. तुम्हीही म्हणाला असता, 27 शेतकऱ्यांचे हिशेब आत अडकलेले असताना. शुक्रवारी लॅपटॉप मिळाला. यूपीआयने 7,300 दिले. बिल नाही, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने आकडा.

“डेटा तुमच्याच पेनड्राइव्हमध्ये टाकून दिलाय,” असंही वर सांगितलं. म्हणजे माझा रिकव्हरी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून! तेव्हा मला ती सोय वाटली.

शनिवारी भाचा आला. सेटिंगमध्ये बघून म्हणाला, “मामा, तुमचं विंडोज होम होतं ना? ही प्रो आवृत्ती कशी?” मग त्याने कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर असं इंग्रजीत टाइप केलं. एक छोटी चौकट आली: अ‍ॅक्टिव्हेशन अमुक तारखेला संपणार. तारीख जेमतेम सहा महिन्यांवरची. विकत घेतलेल्या विंडोजला अशी मुदत नसते. ही कंपन्यांच्या सामूहिक लायसन्सची 180 दिवसांची पद्धत, चोरून विंडोज चालू करून देणारे क्रॅकवाले तिचीच नक्कल करतात. त्यातून मूळ होमची की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्येच, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये होती. ओरिजिनलचे 1,800 मी कशाचे दिले?

मग त्याने पेनड्राइव्हमधल्या टॅलीच्या एका फाइलवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज. फाइल कॉपी केली की ‘बदलल्याची’ तारीख जुनीच राहते, पण ‘तयार केल्याची’ वेळ कॉपीची पडते. पहिली फाइल मंगळवार, संध्याकाळी 7:14. शेवटची 7:41. मी दुकानातून घरी पोहोचून चहा घेत होतो तेव्हाच माझा सगळा डेटा निघाला होता, सत्तावीस मिनिटांत, साध्या कॉपी-पेस्टने. आणि ‘हार्ड डिस्क वाचत नाही’ हा फोन आला बुधवारी.

डेटा दुसरीकडे काढून ठेवला. भाच्याने मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं फुकटचं टूल वापरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवलं आणि होम टाकलं. नेट लागताच ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. खर्च शून्य.

सोमवारी मी त्या वेळांचे फोटो घेऊन गाळ्यावर गेलो. आधी “पोराने केलं असेल”, मग “मार्च एंडला गडबडीत होतं काका”. मी पक्कं बिल मागितलं आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 त्याच्यासमोर डायल करायला घेतला. त्याने ड्रॉवर उघडला आणि 4,000 मोजले. उरलेल्या 3,300 साठी भांडायला वेळ नव्हता, शेतकरी घरी बसलेले होते.