शिरोरेषा कपावर सरळ बसली

कोथरूडला आमचं कॉफी भाजायचं लहानसं रोस्टिंग युनिट आहे. चिकमगळूरहून हिरवे दाणे येतात, बहुतेक सिलेक्शन ७९५ या जातीचे, आणि आठवड्यातून दोनदा मी ते भाजते. यंदा पाकिटांचं आणि कपांचं काम नारायण पेठेतल्या दोघी बहिणींच्या स्टुडिओला दिलं. त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं.

आधी एकाकडून दिसायला देखणी पाकिटं करून घेतली होती. भाजलेल्या दाण्यांतून पुढे कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, हे सांगूनही त्यांनी खर्च वाचवायला तो बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गाळला. चौथ्या दिवशी पाकिटं पुरीसारखी टम्म फुगली, काही कडेला फाटली. दुकानदारांना वाटलं, माल नासला. ती सगळी स्कूटरवरून परत आणताना मला रडू आलं होतं.

या बहिणींनी पहिल्या भेटीत लोगोचा विषयच काढला नाही. धाकटी भाजणीच्या दिवशी सकाळपासून येऊन बसली, दाणे तडकतानाचा आवाज ऐकला, आणि मग विचारलं, "लोक पाकीट फोडल्यावर ठेवतात कुठे?" त्यातून ठरलं ते असं: आत फॉइलचा थर, वर झिप, आणि वायू फक्त बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. तो त्यांनी चित्रातल्या लाल कॉफीफळाच्या देठाशी बसवला, म्हणून वेगळा खुपत नाही. खाकी कागदावर लाल शाई थेट छापली की विटकरी दिसते. खाली पांढऱ्या शाईचा हात दिला, तेव्हा फळ पिकलं. माझी गरज हजार पाकिटांचीच, म्हणून प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर करण्याच्या खर्चात न पाडता डिजिटल छपाई सुचवली. दाण्यांची जात वेगळ्या लेबलवर. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, वजन, किंमत हे सगळं मागे, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.

पण मला खरं जिंकलं कपांनी. कपाचा कागद सपाट पसरला की हातपंख्यासारखा कमानदार असतो. त्यावर नाव सरळ छापलं, तर कप वळल्यावर शिरोरेषा कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखी मधे झोल खाते. इंग्रजी अक्षरांत हे एक वेळ खपून जातं, देवनागरीत लगेच डोळ्यांवर येतं. थोरलीने संपूर्ण नाव कमानीवर नव्याने रेखलं. शिवाय कपाची कड गुंडाळली जाते, त्यात 'कॉ'चा चंद्र आणि 'फी'ची वेलांटी जाऊ नये म्हणून अक्षरं खाली घेतली. कागदाचे पाच नमुने हाताने वळवून, चिकटवून, त्यात गरम पाणी ओतून माझ्या हातात दिले. मराठी नावासाठी एवढा जीव टाकणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं.

दोन तक्रारी आहेत. कप गणपतीच्या आधी मिळणार होते, मिळाले विसर्जनानंतर. सणाची विक्री जुन्या साध्या कपांवर गेली. आणि पाकिटाच्या मॅट लॅमिनेशनवर, म्हणजे वरच्या बिनचमकीच्या प्लास्टिक थरावर, भाजणीच्या तारखेचा शिक्का वाळत नाही, बोटाला शाई लागते. कळवल्यावर त्यांनी तारखेपुरतं साध्या कागदाचं लेबल करून पाठवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

दर पेठेतल्या इतर छपाईवाल्यांपेक्षा जास्त आहे. २५० ग्रॅमची पाकिटं संपत आलीत, पुढची ऑर्डर कालच त्यांना दिली.